आकडा छापलात, ज्योत राहिली

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत काचेचे मणी घरच्या घरी करण्याविषयी लेख आला होता. मणी करणाऱ्या बायकांचे फोटो होते, त्यांच्या मेहनतीबद्दल आपुलकीने लिहिलं होतं. मी तो दोनदा वाचला आणि शेजाऱ्यांनाही दाखवला, कारण ज्या कामात माझा जन्म गेला त्याबद्दल मराठी वर्तमानपत्रात फारसं कधी येत नाही. पण लेखाशेजारी 'सुरुवात कशी कराल' अशी एक चौकट होती. तिच्यात लिहिलं होतं, 'टॉर्च पेटवताना गॅस ५ वर आणि ऑक्सिजन १० वर ठेवावा.' आणि त्याखाली, 'सुरुवातीला घरचा सिलिंडरही चालतो.' ही दोन वाक्यं दुरुस्त करावीत, अशी विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. पत्र लांबलं आहे. दुरुस्ती दोन ओळींची असली, तरी ती का हवी हे दोन ओळींत सांगता येत नाही.

मी लालबागला राहतो. १९८१ साली एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात काचकामाच्या खोलीत मदतनीस म्हणून लागलो आणि २०१६ साली तिथूनच निवृत्त झालो. कंडेन्सरची मोडलेली तोंडं जोडायची, फ्लास्कला नळी लावायची, तडकलेल्या उपकरणाला पुन्हा उभं करायचं, हे पस्तीस वर्षं केलं. ती काच बोरोसिलिकेट, मण्यांची काच सोडा-लाइम. एक कडक, दुसरी मऊ. पण टेबलावरचा बर्नर दोन्हीकडे तसाच, दोन नळ्यांचा आणि दोन चाव्यांचा, एक गॅसची आणि एक ऑक्सिजनची. आता त्याला सगळे टॉर्च म्हणतात, म्हणून मीही टॉर्चच लिहितो.

माझ्या भाचीने भांडुपला एका गाळ्याचा अर्धा भाग भाड्याने घेतला आहे. बी.कॉम. झाली, सात वर्षं नोकरी केली, आणि आता काचेचे मणी करते. मंगळसूत्रात हल्ली मुली दोन-तीन मोठे मणी वेगळे मागतात, काळ्यावर पांढरा ठिपका, काळ्यात निळी रेघ, असे. ते ती करते आणि भुलेश्वरला एका पटवेकऱ्याकडे देते. पोत ओवण्याचं काम त्यांच्या घरात पिढ्यांचं. मण्याचं भोक जरा वाकडं असलं तरी ते बोटाने ओळखतात आणि परत करतात. अशा माणसाला माल पसंत पडतो, याचा मला अभिमान आहे.

आधी तिच्याकडे हवेवर चालणारी साधी गॅसची टॉर्च होती. महिन्यापूर्वी तिने ऑक्सिजनची टॉर्च घेतली. विकणाऱ्याने दोन रेग्युलेटर दिले, नळ्या दिल्या, आणि 'लावा, चालू करा' म्हणून सांगितलं. नेमकी त्याच आठवड्यात आपली पुरवणी आली. तिने ती चौकट कापून भिंतीवर चिकटवली.

सकाळी तिचा फोन आला. "मामा, ज्योत लागते आणि लगेच फट् करून विझते. तीनदा झालं."

"ऑक्सिजनचा काटा कुठे आहे?"

"दहावर. पेपरात दिलाय तसाच."

"आतल्या आकड्यांच्या दहावर की बाहेरच्या?"

"म्हणजे? दहा म्हणजे दहाच ना?"

संपादक महोदय, मुद्दा इथेच आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या रेग्युलेटरच्या घड्याळावर बहुतेक वेळा आकड्यांच्या दोन रांगा असतात. एक किलोची, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला इतके किलो दाब. दुसरी पौंडाची, म्हणजे दर चौरस इंचाला इतके पौंड, ज्याला पीएसआय म्हणतात. दाबाचा एक किलो म्हणजे दाबाचे सुमारे १४.२ पौंड. आपल्या चौकटीतले आकडे पौंडातले होते, हे मला वाचताक्षणी कळलं, कारण परदेशी टॉर्चच्या माहितीपत्रकात साधारण असेच आकडे असतात. पण भाचीला ते कसं कळावं? तिच्या घड्याळावर ठळक काळ्या शाईत होते ते किलो. तिने ऑक्सिजन दहा किलोवर लावला होता. म्हणजे १४२ पौंड. हवा होता त्याच्या चौदा पट.

फोनवर मी तिला एवढंच सांगितलं की दोन्ही सिलिंडर बंद कर, शटर पूर्ण वर घे, दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस, पंखा चालू करू नकोस आणि बाहेर येऊन उभी राहा. विझलेल्या टॉर्चमधून तीन वेळा कच्चा गॅस बाहेर पडला होता. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, तो वर जात नाही, फरशीवर पाण्यासारखा पसरतो आणि कोपऱ्यात, मोरीत, टेबलाखाली साचतो. बटणाची एक ठिणगी त्याला पुरते. मी करी रोडला स्लो गाडी पकडली. भांडुप येईपर्यंत खिडकीबाहेर काय गेलं ते मला आठवत नाही.

गाळ्यात पोचल्यावर वास गेल्याची खात्री केली आणि मगच आत शिरलो. ज्योत का विझत होती ते सरळ आहे. ऑक्सिजन इतक्या वेगाने येत होता की ज्योत टॉर्चच्या तोंडावर टिकतच नव्हती, उचलली जात होती. पण मला काळजी दुसऱ्या गोष्टीची होती. एका नळीत दाब फार जास्त आणि दुसरीत कमी असला, की जास्त दाबाचा ऑक्सिजन उलटा फिरून गॅसच्या नळीत शिरू शकतो. नळीच्या आतच गॅस आणि ऑक्सिजन एकत्र आले, की ती नळी राहत नाही, सुतळी बॉम्ब होतो. मिश्रण आतल्या आत होणाऱ्या टॉर्चमध्ये हा धोका अधिक. भाचीच्या टॉर्चमध्ये दोन्ही वायू तोंडाबाहेर आल्यावर मिसळतात, म्हणून तो कमी होता. कमी म्हणजे नाही असं नव्हे. तिच्या नळ्यांवर उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह नव्हता, आग मागे येऊ न देणारा फ्लॅशबॅक अरेस्टरही नव्हता. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात हे दोन्ही मिळतात. आपल्या चौकटीत त्यांचा उल्लेख असता, तर तिने ते पहिल्याच दिवशी आणले असते. मुलगी हलगर्जी नाही. जे छापून आलं ते तिने तंतोतंत पाळलं, आणि म्हणूनच मला हे पत्र लिहावंसं वाटलं.

त्या दिवशी काम बंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी अरेस्टर बसवले, प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहिले आणि मग सुरुवात केली.

इथे आणखी एक अडचण समोर आली, ती नुसतं एकक छापून सुटणारी नाही. लहान टॉर्चला ऑक्सिजन सुमारे ८ ते १० पौंड लागतो, म्हणजे किलोत ०.६ ते ०.७. गॅस ३ ते ५ पौंड, म्हणजे ०.२ ते ०.३५ किलो. तिचा रेग्युलेटर वेल्डिंगचा, त्याचं घड्याळ १६ किलोपर्यंतचं. अशा घड्याळावर ०.७ म्हणजे शून्यापासून काटा केसभर हललेला. त्यात घड्याळ जुनं असेल तर काटा शून्यालाच नीट बसत नाही. त्यामुळे एकक माहीत असूनही अशा घड्याळावर तो आकडा वाचता येत नाही. कमी दाबाचा, दोन-अडीच किलोपर्यंत घड्याळ असलेला रेग्युलेटर घ्यावा हे उत्तम, आणि आम्ही तो मागवलाही. शिवाय दाब बघायचा तो टॉर्चची चावी उघडी असताना, वायू वाहत असताना. बंद चावीवर लावलेला दाब चावी उघडताच खाली येतो.

आणि हे सगळं नीट केलं, तरी ज्योत नीट झाली असं होत नाही. रेग्युलेटरवरचा आकडा म्हणजे पाण्याच्या टाकीची उंची. बादलीत किती पाणी घ्यायचं ते नळावर ठरतं. ज्योत ठरते टॉर्चच्या दोन चाव्यांवर, आणि ती डोळ्यांनी ठरवायची असते. माझे उस्ताद पहिले सहा महिने मला काच देत नव्हते. नुसती ज्योत लावायची, मोडायची, पुन्हा लावायची. तेव्हा राग यायचा. आता भाचीला मी अर्धा दिवस तेच करायला लावलं.

आधी फक्त गॅस, थोडासा. पेटवला की पिवळी, आळसावलेली, टोकाला काजळी सोडणारी ज्योत येते. मग ऑक्सिजनची चावी हळूहळू. पिवळा रंग मागे सरतो, ज्योत निळी होते, आवाज बदलतो. आता टॉर्चच्या तोंडाशी बघायचं. प्रत्येक भोकापुढे एक छोटा, उजळ, फिकट निळा शंकू दिसतो. मी त्यांना कळ्या म्हणतो, कारण गजऱ्यासाठी निवडलेल्या मोगऱ्याच्या कळ्यांसारख्या त्या एका मापाच्या दिसल्या पाहिजेत. गॅस जास्त असेल तर कळ्या लांब, टोकं पिवळसर आणि पुसट. ऑक्सिजन जास्त असेल तर कळ्या आखूड आणि टोकदार, ज्योत बारीक, आणि साप फुत्कारल्यासारखा आवाज. या दोहोंच्या मधे एक जागा असते, टोकांवरचा पिवळेपणा नुकताच गेलेला, कळी स्वच्छ, कडा रेखीव, आवाज शांत. ती समतोल ज्योत. तिच्यात गॅसही उरत नाही, ऑक्सिजनही उरत नाही. रंगीत काचेसाठी मी तिथून ऑक्सिजन अगदी किंचित पुढे नेतो.

ज्योत सगळ्यात गरम असते कळ्यांच्या टोकांपुढे. मऊ काच तिथे नेली की उकळते, तिच्यात बुडबुडे धरतात. ती धरायची बरीच पुढे, तीन-चार बोटं लांब, जिथे उष्णता आहे पण घाई नाही.

नवशिक्यांची हमखास फसगत होते ती पिवळ्या रंगाने. काच ज्योतीत नेली की तिच्या मागे भगभगीत पिवळा झोत उठतो. तो काचेतल्या सोडियमचा रंग, आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या सोडियमच्या दिव्यांचा होता तोच. त्याचा गॅस कमी-जास्त असण्याशी काही संबंध नाही. भाचीने तो पाहिला आणि 'मामा, पिवळं झालं' म्हणत ऑक्सिजन वाढवत गेली. म्हणून ज्योत वाचायची ती काच बाहेर असताना, आणि कळ्यांकडे बघून. काम करताना तो पिवळा झोत कापणारा डायडिमियमचा चष्मा लागतो. नाहीतर पिवळ्या भगभगीत मणी गोल झाला की नाही तेच दिसत नाही, आणि संध्याकाळी डोळे चुरचुरतात.

ज्योत बरोबर आहे की नाही हे काच स्वतः सांगते. तांब्याचा फिरोजी रंग असलेली काचेची कांडी घ्यायची आणि टोक वितळवायचं. गॅस जास्त असेल तर फिरोजीवर विटकरी, लिव्हरच्या रंगाची साय धरते. त्या रंगातल्या तांब्याचा ऑक्सिजन ज्योतीने काढून घेतलेला असतो, शाळेत ज्याला क्षपण म्हणून शिकवतात ते हेच. ऑक्सिजन वाढवून तेच टोक पुन्हा तापवलं, की साय बऱ्याचदा निघून जाते आणि फिरोजी परत येतो. भाचीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने ते सहा वेळा करून बघितलं. बोरोसिलिकेटच्या नळीत हे रंग नसतात, त्यामुळे मलाही तेवढंच नवल वाटत होतं.

जुन्या टॉर्चवर तिचे पांढरे ठिपके काही महिने मळकट येत होते. पटवेकऱ्यांनी दोनदा माल परत केला, 'ताई, पांढरं पांढरं नाही' म्हणून. तिने काचेला दोष दिला. फिरोजाबादची काच सोडून इटलीची मुरानोची कांडी घेतली, कर्ज काढून. तीही मळली. मग फिरोजाबादचा काळा आणि मुरानोचा पांढरा एकाच मण्यात वापरला, तर मणी तडकले, कारण दोन काचा थंड होताना सारख्या आकसत नाहीत. पांढरा मळत होता तो मात्र पुऱ्या न जळलेल्या गॅसच्या काजळीने. पांढऱ्या रंगात ती धुरासारखी अडकते. त्या हवेवरच्या टॉर्चमध्ये पांढरा मणी ज्योतीच्या अगदी टोकाला धरला असता, तरी पुष्कळ फरक पडला असता. पण हे सांगणारं कोणी तिच्याजवळ नव्हतं, मीही तेव्हा लक्ष घातलं नाही, याचं मला वाईट वाटतं. दुपारी तिचं डोकं दुखायचं, तेही आम्ही उन्हावर घातलं. अर्धवट जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. आता टेबलावर एक्झॉस्ट आहे, आणि काम करताना शटर खालून हातभर उघडं असतं. नुसता एक्झॉस्ट लावून उपयोग नाही, बाहेरची हवा आत यायलाही वाट हवी.

ऑक्सिजन वाचवण्याचा मोहही इथेच येतो. ७ घनमीटरचा सिलिंडर म्हणजे ७,००० लिटर. मिनिटाला ५ लिटर धरले तर १,४०० मिनिटं, साधारण तेवीस तास. एलपीजीचा १९ किलोचा सिलिंडर त्या मानाने कितीतरी दिवस जातो. मग हात आपोआप ऑक्सिजनची चावी आवळतो. पण त्या काटकसरीत मळलेला प्रत्येक मणी परत येतो. टॉर्च लहान ठेवा, ज्योत लहान ठेवा, दोन्ही चाव्या मिळून कमी करा. एकच चावी आवळून बचत होत नाही.

आता 'गॅस ५' या आकड्याबद्दल. कुठला गॅस? माझे उस्ताद काम शिकले ते कोळशाच्या गॅसवर. लालबागच्या गॅस कंपनी लेनच्या नावात तो गॅस अजून आहे. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते कोळशाच्या गॅसवर. मी शिकलो एलपीजीवर. १९९५ साली महानगर गॅस आली आणि नंतर घरोघरी नैसर्गिक वायूचे पाइप पोचले. तो बहुतांशी मिथेन. एक लिटर मिथेन पूर्ण जळायला २ लिटर ऑक्सिजन लागतो, प्रोपेनला ५, ब्यूटेनला साडेसहा. यातला काही भाग भोवतालच्या हवेतून मिळतो, तरी फरक केवढा आहे बघा. परदेशी टॉर्चच्या पत्रकातले आकडे बहुतेकदा प्रोपेनसाठी असतात. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण असतं. म्हणजे तो आकडा एककासह छापला, तरी तो आपल्या गॅसचा नाही. शिवाय सलग तीन-चार तास गॅस ओढला, की सिलिंडर थंड पडतो, बाहेरून दव धरतं आणि दाब उतरतो. सकाळी लावलेली ज्योत दुपारी तीच राहत नाही. ती अधूनमधून पुन्हा बघावी लागते.

ऑक्सिजनचंही तसंच. एप्रिल २०२१मध्ये कारखान्यांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला गेला, तो वळवायलाच हवा होता. त्या वर्षी घरोघरी कॉन्सन्ट्रेटर घेतले गेले, आणि आता ते जुन्या बाजारात मिळतात. मणी करणाऱ्या मुली ते स्वस्तात घेतात. माझी त्याला हरकत नाही, उलट जड दाबाचा सिलिंडर घरात नको असेल तर ते बरंच. पण ते यंत्र हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या खड्यांत अडकवून ऑक्सिजन पुढे सोडतं, आणि तो नवीन यंत्रातही साधारण ९३ टक्के असतो. ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह ओढला की शुद्धता घसरते. फिल्टर तुंबला की घसरते. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने ते खडे ओल धरून निकामी होत जातात. यंत्रावरच्या, प्रवाह दाखवणाऱ्या नळीतली गोळी ५ लिटरवरच असते, आणि ज्योत मात्र पिवळी. अशा वेळी आकड्यावर विश्वास ठेवणारी मुलगी काचेला दोष देते, आणि कळ्यांकडे बघणारी फिल्टर काढून साफ करते.

घरच्या सिलिंडरबद्दल. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरणं कायद्याने चालत नाही. २००० सालच्या एलपीजीच्या आदेशात ते स्पष्ट आहे. घरच्या रेग्युलेटरमधून गॅस येतो तो फार कमी दाबाने, सुमारे ३० मिलीबार, म्हणजे अर्ध्या पौंडाहूनही कमी. तो शेगडीसाठी बरोबर आहे. चौकटीतला '५' मिळवायचा म्हणून कोणी तो रेग्युलेटर काढून तिथे जास्त दाबाचा बसवला, तर स्वयंपाकघरात, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, शेजारी पोरं अभ्यास करत असताना काय होऊ शकतं, हे मी लिहून दाखवायला नको. आपल्या एका ओळीने कोणाला तरी ते करावंसं वाटेल. धंद्याचा सिलिंडर घ्यावा, तो उभा ठेवावा, आडवा कधीच करू नये, कारण आडव्यातून द्रव बाहेर येतो.

आणखी एक गोष्ट, चौकटीत नव्हती पण असायला हवी. भाचीच्या शेजारच्या गाळ्यातला मुलगा, चांगला, मदतीला धावणारा, ऑक्सिजनचा नट आवळत नाही म्हणून तेलाची कुपी घेऊन आला होता. मी वेळेवर तिथे होतो. दाबाखालच्या ऑक्सिजनजवळ तेल, ग्रीस, काहीही चालत नाही, ते आपोआप पेट घेऊ शकतं. डोक्याला खोबरेल लावलेला हातही धुऊन, पुसून मगच रेग्युलेटरला लावायचा. तिथे प्लंबरची पांढरी टेपही गुंडाळायची नाही. तो सांधा धातूवर धातू बसून बंद होतो. बसत नसेल तर नट खराब आहे, तो बदलायचा. आणि गॅसचा नट उलट्या आट्यांचा असतो, त्याच्या कडांवर खाचा असतात. एक नळी चुकून दुसऱ्या जागी बसू नये म्हणून कोणीतरी केलेली ती सोय आहे. जोर लावून ती मोडू नये.

बंद करताना अशा टॉर्चचा आधी ऑक्सिजन, मग गॅस. पेटवताना याच्या उलट. मग सिलिंडर बंद, नळ्यांतला उरलेला वायू सोडून द्यायचा, रेग्युलेटरचा स्क्रू सैल. भाची हे आता न सांगता करते. परवा तिने एक पांढरा ठिपका असलेला काळा मणी भट्टीतून काढून माझ्या हातावर ठेवला. ५०० अंशांच्या आसपास ठेवून रात्रभर सावकाश निवलेला. ठिपका दुधासारखा होता. तिच्या काळ्या कांडीची केसाएवढी तार ओढून तिने मला उजेडात दाखवली, तर ती जांभळी दिसली. म्हणाली, "मामा, हा काळा खरा जांभळाच आहे." पस्तीस वर्षं काचेत काढून मला हे ठाऊक नव्हतं.

आपण मणी करणाऱ्यांबद्दल लिहिलंत, ते थांबवू नका. पण माझी विनंती आहे की त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढीच मोठी दुरुस्ती छापा. आकडे पौंडातले आहेत हे लिहा, आणि ते प्रोपेनचे, टॉर्चच्या पत्रकातले आहेत हेही लिहा. आपल्या टॉर्चच्या पत्रकात दिलेल्या दाबापासून सुरुवात करून ज्योत कळ्यांवरून ठरवावी, हे लिहा. फ्लॅशबॅक अरेस्टरशिवाय टॉर्च पेटवू नये, आणि घरचा सिलिंडर वापरू नये. जागा उरली तर समतोल, गॅस जास्त आणि ऑक्सिजन जास्त अशा तीन ज्योतींचे जवळून घेतलेले फोटो छापा. आपल्या छायाचित्रकाराला पाठवलंत तर मी भांडुपला तिन्ही ज्योती लावून दाखवीन.

येत्या शनिवारी भाचीकडे आणखी दोन मुली शिकायला येणार आहेत, एक कळव्याची आणि एक विक्रोळीची. दोघींनी टॉर्च घेतल्या आहेत, अजून पेटवलेल्या नाहीत. दोघींकडे आपल्या चौकटीचं कात्रण आहे. दुरुस्ती त्याआधी आली, तर मी ती त्या कात्रणांवर चिकटवून देईन. नाही आली, तर '५' आणि '१०' या आकड्यांपुढे माझ्या हाताने एकक लिहीन, आणि खालची ओळ खोडीन.

आपला,
एक निवृत्त काचकारागीर
लालबाग, मुंबई